ठिय्यावाल्या मॅडम

अकोल्याच्या एमआयडीसीत एका दालमिलच्या फाटकाशी, चौकीदाराच्या स्टुलावर, सुती साडी नेसलेली आणि पायात पळायचे बूट घातलेली एक बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती बसून असते. कोणाशी बोलत नाही, काही मागत नाही. हे दोनेक दिवस पाहिल्यावर मिलच्या शेठनं मॅनेजरला बोलावून विचारलं होतं, "वर्गणीवाली हाये का थे? देऊन टाक ना काईतरी, जाईन मंग."

मॅनेजर बिचारा कानाशी लागून म्हणाला, "शेठ, आपल्याच मॅडम होत त्या. अमरावतीच्या. आपणच फोन करून बोलावलं ना सल्ला द्याले."

त्या आमच्या मॅडम होत्या. 'होत्या' म्हटलं की लोक उगीच हात जोडतात, म्हणून आधीच सांगते, मॅडम अजून ठणठणीत आहेत. हल्ली हिवरखेडला असतात, शेतातल्या घरात, आणि तिथंही म्हणे ग्रामपंचायतीसमोर स्टूल टाकून बसतात. पण त्यांच्याबद्दल सरळ रस्त्यानं काही सांगता येत नाही, तेव्हा मीही आडवळणानंच जाणार. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल पानं उलटावीत.

आमची कंपनी म्हणजे तेव्हा राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी. पाटी मात्र भारदस्त, 'व्यवस्थापन व तंत्रज्ञान सल्लागार'. खालच्या फिजिक्सच्या सरांचा आवाज फरशीतून वर यायचा, त्यामुळं आमच्या कितीतरी मीटिंगा गतीच्या नियमांच्या साक्षीनं पार पडल्या. जिन्यात पोरांच्या सायकली आणि गाड्या अशा कोंबलेल्या, की क्लायंट वर येईपर्यंत अर्धा चिडलेला असायचा. शिवाय पाटीवर 'सल्लागार' वाचून लोक काय वाट्टेल ते विचारायला यायचे. पोराला बारावीनंतर कुठं घालू, प्लॉट बडनेऱ्याकडं घेऊ की रहाटगावकडं. एकदा तर एक आजोबा नातीची पत्रिका घेऊन आले. मॅडमनी पत्रिका खालून वर पाहिली आणि विचारलं, "पोरीले विचारलं का?"

"तिले कायले विचारू?"

"मंग तिले घेऊन या. ती समोर नसन तं मी नाई बोलत."

आजोबा पुटपुटत जिना उतरले. आम्ही हसलो, पण मॅडम गंमत करत नव्हत्या. तो त्यांचा नियमच होता.

त्यांचे नियम दोनच. पहिला ठिय्या. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी आठवडाभर त्या जागी जाऊन नुसतं बसायचं. लॅपटॉप नाही, मोबाइल नाही, प्रश्न नाही. कोण कोणाची वाट पाहतो तेवढं पाहायचं, बस. जिनिंग असेल तर वजनकाट्यापाशी, शाळा असेल तर ऑफिसच्या खिडकीपाशी. क्लायंटच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याची अपेक्षा की आता तक्ते येतील, कॉम्प्युटर येतील, आणि इथं दोन बाया स्टूल मागताहेत. दुसरा नियम असा की आमचं म्हणणं आधी कागदावर द्यायचं नाही. मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांना अंगणात बसवायचं आणि तोंडानं सांगायचं. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर पाहिजे आणि त्याला उलट बोलायची मुभा पाहिजे. कागद त्यानंतर.

मी मूळची अमरावतीचीच, पण पुण्यात एका मोठ्या कंपनीत सहा वर्षं स्लाइडा बनवून आले होते. लग्न इथं झालं तेव्हा सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की आता हिची नोकरी संपली, ही क्लासेस घेणार. मी चिडून पाटी वाचून जिना चढले. मॅडमनी माझ्या डिग्रीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं, "तुमच्या घरी सकाळी सकाळी सगळे कोणासाठी थांबून राहतात?"

मी म्हटलं, "सासरे बाथरूममध्ये जातात. पेपर घेऊन."

"मंग काय करता तुमी?"

"काय करणार? बाहेर उभे राहतो."

"सासऱ्याले सांगतलं का कोणं?"

"छे! त्यांना कोण सांगणार?"

"हं," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून या. लॅपटॉप आणू नका."

असा इंटरव्ह्यू मी जन्मात दिला नव्हता. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला, आणि सासरे दोन दिवस पेपर न घेता बाथरूममध्ये गेले.

मॅडम हिवरखेडच्या. इथल्याच कॉलेजात इंजिनिअर झाल्या, मग मुंबई, मग परदेश. मोठमोठ्या सल्लागार कंपन्यांत त्यांनी उमर काढली. इंग्रजी अशी बोलायच्या की ऐकत राहावं, पण इथं आल्यावर ती त्यांनी ट्रंकेत घालून ठेवली. क्लायंट कितीही सुटाबुटातला असो, त्याच्याशी वऱ्हाडीच. तिकडचं त्या फारसं सांगत नसत. एकदाच, बडनेऱ्याच्या स्टेशनवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहताना, मी विचारलं की एवढं सगळं सोडून आलात कशा.

"एका कारखान्याचं काम होतं," त्या म्हणाल्या. "मी लय वरच्या माळ्यावर बसून सांगतलं का हा विभाग बंद करा. केला त्याईनं. मंग एक दिवस त्याच गावावरून गाडीनं चालली होती, तं म्हटलं पाहू बरं कुठी होता तो विभाग. उतरली. एका बाईले विचारलं. तिनं बोटानं दाखवलं, अन् ऊन लय होतं तं मले प्यायले पाणी देलं. तिचा नवरा तिथंच होता कामाले." त्या रुळांकडं वळल्या. "त्या विभागातल्या एकाचंबी तोंड मी पाहलं नव्हतं."

मग गाडी आली आणि त्या खिडकीच्या जागेसाठी एका माणसाशी भांडायला लागल्या.

तर अकोल्याचे ते शेठ. त्यांचं दुखणं असं की तुरीचे ट्रक दुपारपर्यंत फाटकाबाहेर उभे राहायचे आणि ड्रायव्हर शिव्या घालायचे. शेठचं ठाम मत, हमाल आळशी आहेत, तेव्हा असं सॉफ्टवेअर बसवा की कोण किती वेळ बिडी ओढतो ते मला घरबसल्या दिसेल. आम्ही ठिय्या मारला, मॅडम फाटकाशी, मी काट्यापाशी. पाहतो तर हमाल सकाळपासून तयार, काटा तयार, मॅनेजरही तयार. पण शेठनं 'हो' म्हटल्याशिवाय एक ट्रक आत घ्यायची कोणाची टाप नव्हती, आणि शेठ देवपूजेत. पूजा भरपूर लांब, आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत.

बैठकीच्या दिवशी सगळे मिलच्या अंगणात जमले. शेठची नवीकोरी गाडी तिथंच उभी, तिच्यावर डाळीच्या भुश्याची धूळ बसलेली. मॅडमनी बॉनेटवर बोटानं फाटक काढलं, काटा काढला, ट्रकांची रांग काढली आणि रांगेच्या तोंडाशी एक मोठा गोल काढला.

"हे कोण होय?" शेठनी विचारलं.

"तुमी," मॅडम म्हणाल्या.

एका हमालाला हसू आवरेना, त्यानं दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबला. शेठ लालेलाल झाले. "म्हंजे मी देवपूजा सोडू का आता?"

"नाई वो भाऊ. पूजा मस्त सावकाश करा. फक्त 'हो' म्हणाचं काम मॅनेजरले द्या."

शेठ पाय आपटत आत गेले. मी पर्स काखेला लावून पळायच्या तयारीत. थोड्या वेळानं शेठ बाहेर आले आणि ओरडले, "गाडी पुसू नका रे कोणी! फोटो काढा आधी तिचा." तो फोटो त्यांच्या केबिनमध्ये अजून टांगलेला आहे. सॉफ्टवेअरही झालं, पण नंतर, आणि अगदी एवढंसं.

ते करायची रुबीना. अकोल्याची, वडिलांचं कापडाचं दुकान. आठवडाभर अमरावतीत खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहायची आणि शनिवारी घरी जायची. बाहेरगावी पाठवायचं तर एवढंच, त्यापुढं नाही, असं अब्बांनी सांगून ठेवलेलं. डोकं असं चालायचं की पुण्यात असती तर कोणी तिला सोडली नसती. हिवरखेडच्या संत्रेवाल्यांच्या कंपनीसाठी तिनं एक सोय केली होती. माल न्यायला गाडी कधी येणार ते शेतकऱ्याला फोनवर आपोआप ऐकू यायचं. पहिल्यांदा आवाज घेतला एकदम शुद्ध आणि गोड. झालं, लोकांना वाटलं विमा विकणारी पोरगी आहे. धडाधड फोन कापले, संत्री झाडालाच. मॅडमनी रुबीनाला हिवरखेडच्या पारावर ठिय्या मारायला पाठवलं. परत येऊन तिनं खालाचा आवाज भरला: "भाऊ, गाडी उद्या सकाळी येऊन राहिली बरं. माल काढून ठेवजा, मंग म्हणसान सांगतलं नाई." लोक त्या आवाजाला उत्तर द्यायला लागले. 'बरं ताई' म्हणायचे. एका घरानं तर ताईला जेवायला पाठवा असा निरोप दिला, आणि खाला खरंच गेली, डबा भरून रोडगे घेऊन आली.

असं आमचं मजेत चाललं होतं. आणि एक दिवस पुण्याहून एक साहेब आले.

मोठी कंपनी होती त्यांची. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. जिन्यातल्या सायकलींना अडखळून आला तरी हसत होता. आमचं सगळं काम पाहिलं, मनापासून वाखाणलं, आणि मग म्हणाला, "मॅडम, स्पष्ट बोलू? ही कंपनी नाही. ही एक व्यक्ती आहे. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?" त्याचं म्हणणं, आमच्यात या. नाव मोठं होईल, हाताशी मोठी कामं येतील. फक्त हे ऑफिस बंद करावं लागेल, तुमची माणसं पुण्याला येतील.

"मले काय धाड भरते?" मॅडम म्हणाल्या आणि त्याला गिला वडा खाऊ घालून रवाना केलं.

महिना होत नाही तोच मॅडमचा आवाज बसला. वर्षानुवर्षं मशीनींच्या गोंगाटात ओरडून ओरडून घशात गाठ झाली होती. डॉक्टरांनी काढली, साधीच निघाली, आमचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरांनी बजावलं, मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही.

मॅडमनी खालच्या क्लासच्या पोराकडून एक पाटी आणि खडूचा डबा मागवला. पहिले दोन दिवस आम्हाला फार मजा वाटली.

मग फोन सुरू झाले. प्रत्येक क्लायंटकडं नंबर एकच, मॅडमचा. मी उचलायची.

"मॅडमले द्या."

"मॅडमना बोलायची मनाई आहे. मला सांगा ना, मीच तर होते तुमच्याकडं."

"नाई, मंग मी नंतर करतो."

नंतर म्हणजे कधी? चालू कामं थबकली. एका जिनिंगवाल्यानं, मॅडम बऱ्या झाल्या की पाहू, असं सांगून आमच्यासाठी मांडलेलं स्टूल उचललं. नवं कोणी येईना. आम्ही सगळे जागेवर, कॉम्प्युटर सुरू, आणि करायला काम नाही. फिजिक्सचे सर खाली घसा फोडून शिकवत होते, तेवढाच आवाज.

एका दुपारी मॅडमनी आम्हाला दोघींना बोलावलं आणि पाटी पुढं केली. लिहिलं होतं, 'पुण्याले हो म्हणू. तुमचं भलं होईन.'

मला असा राग आला! माझं भलं? माझं कोणी विचारलं? मुलगी इथल्या शाळेत, नवऱ्याचं दुकान इथं, हे सगळं होतंच. पण खरं सांगू, ते नसतं तरी मला जायचं नव्हतं. पुण्यात मला परत स्लाइडा करायच्या नव्हत्या. मला ह्याच लोकांत स्टूल टाकून बसायचं होतं. ह्या कामाची मला चटक लागली होती आणि ते राजापेठेतल्या ह्या दोन खोल्या सोडल्या तर कुठंही नव्हतं. ऑफिस गेलं की माझं सगळंच गेलं. रुबीना गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी मागं गेले तर डोळे पुसत होती.

"अब्बा पुण्याले पाठवणार नाई. अन् मले जायचंबी नाई. माहं तं संपलंच समजा ताई."

मी म्हटलं, "मॅडमना समजवायला जावं तर त्या पाटी पुसून टाकतात."

रुबीना एकदम माझ्याकडं वळली. "समजवाचं कायले? आपण मॅडमवर ठिय्या मारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन स्टुलं घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि भिंतीला लागून बसलो. मॅडमनी लिहिलं, 'काय होय हे?' आम्ही गप्प. ठिय्यात बोलायचं नसतं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. मॅडमना कळायला क्षणभर लागलं. मग डोळे एवढे मोठे झाले, आणि एक खडू माझ्या कानाजवळून गेला.

आठवडाभर बसलो. अवो माय, काय काय पाहिलं! ऑफिसातलं प्रत्येक जण काम पुरं करून दाराशी येऊन उभं राहायचं. मॅडम पाहायच्या, मान हलवायच्या, मग ते पुढं सरकायचं. कागदावरचा एक शब्दही त्या बहुतेक वेळा बदलत नसत. फोन आला की नाव पाहून पाटीवर उत्तर लिहायच्या, मी ते वाचून क्लायंटला सांगायची, आणि दहातली नऊ उत्तरं मला आधीच माहीत असायची. आम्ही एवढे शिकलेसवरलेले लोक मॅडमच्या मानेची वाट पाहत रांगेत उभे होतो. गावभर दुसऱ्यांच्या रांगा मोडत फिरायचो, आणि आपल्या घरातली रांग कोणालाच दिसली नव्हती.

बैठकीला आमच्या खोल्या पुरणार नव्हत्या, म्हणून फिजिक्सच्या सरांनी रविवारी आपला वर्ग दिला. ऑफिसातले सगळे आले, चार-पाच क्लायंट आले. अकोल्याचे शेठ तर सगळ्यात आधी हजर. "काढा माह्या गाडीवर," म्हणाले, "पण आज धुऊन आणली वो, धूळ नाई."

मी सरांच्या फळ्यावर रांग काढली. रांगेच्या तोंडाशी गोल काढला आणि वळले. मॅडम पहिल्या बाकावर बसल्या होत्या, पाटी मांडीवर.

"मॅडम," मी म्हटलं, "इथं तुम्ही आहात."

मॅडमनी पाटी बाकावर आपटली. काहीतरी लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी एकच शब्द आमच्याकडं फिरवला, 'काहून?'

मला वाटलं होतं मी हे नीट जुळवून बोलेन. पण रडूच फुटलं. "कारण तुम्हाला भीती वाटते मॅडम. आमच्यातलं कोणी तरी माणसाचं तोंड न पाहता सल्ला देऊन बसेल, आणि परत कुठं तरी एखाद्या बाईचा नवरा घरी बसेल. म्हणून तुम्ही कोणालाच शेवटचं बोलू देत नाही. पुण्याचे साहेब बरोबर बोलले. पण त्यांचं औषध चूक आहे."

रुबीना मागून म्हणाली, "आमी तोंड पाहतो मॅडम. तुमीच तं शिकवलं. एकदा सोडून तं पाहा."

मॅडम फळ्यावरच्या गोलाकडं पाहत बसल्या. मग शेठ उठून त्यांच्या बाकावर जाऊन बसले. "ताई, तुमी मले सांगतलं होतं ना, तवा मले असा राग आला होता! त्या दिवशी जेवलो नाई मी. मंग दुसऱ्या दिवशी पूजा केली, तं पयल्यांदा असं वाटलं का आज खरंच देवापाशी बसलो."

मॅडमनी खडू उचलला. लिहिलं, 'एक काम करा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमीच. मी बोलणार नाई. जमलं तं पुण्याले नाई म्हणू. नाई जमलं तं हो.'

"तसंबी तुमाले कुठी बोलता येते आता," शेठ म्हणाले, आणि सगळे हसले. मॅडमही.

काम मिळालं शेठच्याच ओळखीनं. अकोल्यातलं एक खाजगी हॉस्पिटल, नवरा-बायको दोघं डॉक्टर, दारात दिवसभर मरणाची गर्दी. डॉक्टरसाहेबांना हवं होतं ॲप. पेशंटनं मोबाइलवर नंबर लावावा आणि बाकावरची गर्दी दिसेनाशी व्हावी. मी आणि रुबीनानं केसपेपरच्या खिडकीपाशी ठिय्या मारला. गर्दीचं गणित लवकरच समजलं. नंबर सकाळी दार उघडल्याबरोबर वाटले जायचे. गावातले लोक आधी पोचायचे. तालुक्याची पहिली एसटी यायची तोवर पुढचे नंबर संपलेले. लांबून आलेल्यांचा नंबर लागायचा संध्याकाळी आणि त्यांची परतीची गाडी गेलेली असायची. मग ते मुक्काम करायचे, दुसऱ्या दिवशी तपासणीचे कागद दाखवायला परत बाकावर. निम्मी गर्दी तीच होती. ॲप केलं असतं तर ती माणसं आणखी मागं गेली असती.

बैठक हॉस्पिटलच्या मागच्या पोर्चमध्ये. नर्सा, कंपाउंडर, खिडकीवरची मुलगी, त्या दिवशीचे बरेच पेशंट. मॅडम सगळ्यात मागं, पेशंटच्या बाकावर. मी सांगितलं की नंबर आल्याप्रमाणं नाही, एसटीप्रमाणं द्या. लांबच्या गाडीचे नंबर राखून ठेवा आणि आदल्या दिवशी त्यांना फोनवर वेळ ऐकवा.

डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला. "आधी येईल त्याला आधी, हा न्याय आहे. मी काय अन्याय करतो म्हणता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडं पाहतच नव्हते. मागं पाहत होते. "मॅडम, तुमचं काय मत?"

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. मॅडमनी पाटी उचलून डॉक्टरांकडं धरली. कोरी होती. मग त्यांनी ती उलटी करून दाखवली, तीही बाजू कोरी. आणि त्या शांतपणे उठून पोर्चमधून बाहेर निघून गेल्या.

रुबीनानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मला विचारा. आठवडाभर इथं मी बसले होते. जो आधी आला त्याला आधी, हे बरोबर आहे. पण लांब तेल्हाऱ्याहून येणारा माणूस आधी येऊच शकत नाही. तो तुमच्या आधी उठतो तरी नाही."

"खरं बोलून राहिली थे," एक आजी म्हणाल्या. "मी परवा स्टँडवर झोपली. अन् माहा बीपी मोजता तुमी!"

पेशंट हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते आजींकडं पाहत राहिले, आणि बाजूला उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "करून पाहू या ना." मग साहेबांनी रुबीनाला विचारलं की फोनवर आवाज कोणाचा असेल, पेशंटला कळेल ना. नंतर सुरू कधी करता म्हणाले. आणि शेवटी खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर उभे राहिले. "तुमचा नंबर द्या. काही अडलं तर कोणाला करू?"

मी माझा नंबर सांगितला.

रुबीनाला तिथंच सोडून मी मॅडमना शोधायला पळाले. रस्त्यापलीकडं कचोरीचा गाडा होता आणि तिथून एक आवाज येत होता, खणखणीत, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "आजची हाये म्हणतं अन् हात लावला तं थंडगार! मले काय शिकवतं बे तू? गरम काढ. दोन दे. एक माह्या पोरीसाठी पायजे, थे आत्ता येईन."

मी जागच्या जागी थांबले. "मॅडम!"

त्यांनी वळून पाहिलं. पकडल्या गेल्याचं काडीचं दुःख चेहऱ्यावर नव्हतं.

"तुम्हाला बोलता येतं? कधीपासून?"

"लय दिवस झाले. डॉक्टरनं मांगंच सांगतलं, बोला म्हणून."

"मग गप्प का बसलात इतके दिवस? आमचा जीव टांगणीला लावून?"

"तू बोलून राहिली होती ना," मॅडम म्हणाल्या. गरम कचोरीचा द्रोण त्यांनी माझ्या एका हातात दिला आणि दुसऱ्या हातात स्वतःचा मोबाइल ठेवला. पुण्याचा नंबर लावलेला होता, पलीकडं घंटी वाजत होती. पुण्याच्या साहेबांचं 'हॅलो, मॅडम?' ऐकू आलं, आणि मी बोलायला लागले.